सम येण्याआधी निघालेला हात

५ ऑगस्ट २०२४ रोजी, महाकालाच्या सवारीच्या दिवशी, उज्जैनमध्ये सुमारे १५०० वादकांनी एकत्र डमरू वाजवले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. उत्तरेच्या पंचांगाप्रमाणे तो श्रावणातला तिसरा सोमवार होता, तर मराठी पंचांगाप्रमाणे त्याच दिवशी श्रावण लागत होता. महाकालाच्या सवाऱ्यांत शिंदेशाहीच्या काळापासूनची मराठी रीत आजही पाळली जाते. म्हणून उत्तरेचा श्रावण संपला तरी भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यात सवाऱ्या निघत राहतात. उज्जैनच्या माधव नगरातल्या मराठी कुटुंबांना हे वेगळं सांगावं लागत नाही. डमरू, झांजा आणि ढोल यांच्या गजरात उभं राहून ज्यांनी सवारी पाहिली आहे, त्यांना एक गोष्टही नक्की जाणवली असेल. लांबच्या वादकाचा हात खाली येताना आधी दिसतो आणि आवाज जरा मागून येतो.

तो किती मागून येतो, हे मोजता येतं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. रांगेच्या एका टोकाचा वादक दुसऱ्या टोकापासून १०० मीटरवर असेल, तर त्याच्यापर्यंत आवाज पोचायला सेकंदाचा जवळजवळ तीन-दशांश भाग लागतो. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते. म्हणजे लांबचा वादक कानावर विसंबून वाजवू लागला, तर तो अर्ध्या मात्रेपेक्षा जास्त मागे पडेल आणि त्याचं ऐकून वाजवणारा त्याच्याही मागे. मग इतकी माणसं एका लयीत राहतात तरी कशी?

याच कोड्याची छोटी आवृत्ती जगभरातल्या घरांत दिवाणखान्यातल्या टीव्हीसमोर उभी राहिली, ती वाद्यांवर आधारलेल्या तालाच्या व्हिडिओ गेममुळे. हातात प्लॅस्टिकची गिटार किंवा लहानसा ढोल, पडद्यावर सरकत येणारे रंगीत ठिपके, आणि ठिपका रेषेवर आला की नेमका तेव्हाच आघात करायचा. खेळ दिसतो पोरकट. पण त्याच्या आत आवाज, प्रकाश, वीज आणि माणसाचा मेंदू या चौघांच्या वेगवेगळ्या वेगांचा मेळ घालावा लागतो.

प्रतिक्रिया नव्हे, अंदाज

ठिपका रेषेवर आलेला दिसला की कळ दाबायची, असं पाहणाऱ्याला वाटतं. तसं खेळणारा माणूस पहिल्याच गाण्यात हरतो. अचानक दिवा लागला की बटण दाबा, असं सांगितलं तर निरोगी तरुणालाही साधारण २०० मिलिसेकंद लागतात. (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) आवाज ऐकून दाबायचं असेल तर थोडे कमी, १५० च्या आसपास. तालाच्या खेळांत मात्र चांगला शेरा मिळवायला चूक काही दशक मिलिसेकंदांच्या आतच असावी लागते. जपानच्या कोनामी कंपनीच्या ‘बीटमेनिया टूडीएक्स’ या खेळात सर्वोत्तम शेऱ्यासाठी आघात नेमक्या क्षणाच्या मागेपुढे १६-१७ मिलिसेकंदांत पडावा लागतो. डोळ्याने पाहून मग हात हलवला, तर हे कुणालाच जमणार नाही.

अंगणात दोन मुली दोरी फिरवत असतात आणि तिसरीला पळत येऊन मध्ये शिरायचं असतं. दोरी जमिनीला टेकलेली पाहून ती पाय उचलत नाही. ती आधी दोन-तीन फेरे नुसती पाहते, अंग किंचित मागेपुढे डोलवते, आणि दोरी अजून वरच असताना निघते. दोरी खाली येईल तेव्हा आपण कुठे असू, हे तिच्या पायांनी आधीच ठरवलेलं असतं. तालाचा खेळ खेळणारा हात असाच आधी निघतो. ठिपका दूर असतानाच हुकूम सुटतो आणि ठिपका रेषेवर येतो तेव्हा बोट कळीवर पोचलेलं असतं.

यातली एक गंमत मानसशास्त्रज्ञांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी टिपली होती. एकसारख्या ठोक्यांबरोबर बोट आपटायला सांगितलं, तर बहुतेकांचं बोट ठोक्याच्या थोडं आधी पडतं. आपण अगदी बरोबर वाजवतो आहोत, असं त्यांना मनापासून वाटत असतं. वादनाची तालीम झालेल्यांत हा फरक कमी असतो. ठेका धरणं म्हणजे पुढच्या ठोक्याचं भाकीत करणं, याचा इतका साधा पुरावा दुसरा नाही.

सवारीतल्या किंवा पुण्याच्या गणेशोत्सवातल्या वादकांच्या कोड्याचं अर्धं उत्तर इथेच आहे. ढोल-ताशा पथकात ढोलवाले ताशाची तर्री आणि टोलाचा ठोका ऐकतात, पण समोरच्या माणसाच्या हाताचा इशाराही पाहतात. प्रकाशाला १०० मीटर जायला जो वेळ लागतो तो इथे शून्यच धरावा. डोळा लय देतो, आणि मधल्या मात्रा मनातलं भाकीत भरून काढतं. तरीही रांगेच्या एका टोकाला उभ्या असलेल्या श्रोत्याला दुसऱ्या टोकाचा आवाज उशिराच ऐकू येणार. वादक कितीही तयार असले, तरी हवेचा वेग त्यांच्या हातात नाही.

ठिपका सरकतो म्हणजे काय

पडद्यावरची वाट बारकाईने पाहिली तर ठिपका खरं म्हणजे सरकत नसतो. खेळाजवळ एक यादी असते. गाणं सुरू झाल्यापासून इतक्या वेळाने लाल, इतक्या वेळाने निळा. सेकंदाला ६० वेळा खेळ स्वतःला दोन प्रश्न विचारतो. गाणं आत्ता कुठवर आलं? या ठिपक्याची वेळ व्हायला किती उरलं? उरलेल्या वेळेला वेगाने गुणलं की रेषेपासूनचं अंतर मिळतं, आणि ठिपका तेवढ्या अंतरावर नव्याने काढला जातो.

यात महत्त्वाचा निर्णय हा की घड्याळ कोणतं वापरायचं. चित्रांची मोजणी करून वेळ काढला, तर यंत्रावर ताण येऊन दोन-चार चित्रं गळाली की ठिपके गाण्यामागे पडतात, आणि गाण्याच्या शेवटापर्यंत तो फरक साचत जातो. म्हणून नीट बांधलेला खेळ गाण्यालाच घड्याळ मानतो. चित्र अडखळलं तर ठिपका एक उडी मारतो, पण उडी मारून तो बरोबर जागी येतो. आवाज आधी, चित्र नंतर. संगीतावर प्रेम असलेल्या माणसाने लिहिलेला नियम आहे हा.

यादी कोण बनवतं? बहुतेक वेळा एक माणूस, कानाने. गाण्यातल्या शेकडो आघातांपैकी नवशिक्याला कोणते द्यायचे आणि तयार खेळाडूला कोणते, हे तो ठरवतो. आपल्याकडे शिकणाऱ्याला हातावर ताल धरायला लावतात तेव्हा हेच होतं. तीनतालाच्या १६ मात्रांपैकी त्याच्या वाट्याला आधी चारच जागा येतात. पहिल्या म्हणजे समेच्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळीविना जागा. मधल्या बारा मात्रा तो मनात मोजतो. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या स्वरलिपीत या जागांना खुणा आहेत, समेला फुली आणि खालीला शून्य. ग्वाल्हेरच्या ज्या महाराज माधवराव शिंद्यांचं नाव उज्जैनच्या माधव नगराला लाभलं, त्यांच्याच आश्रयाने भातखंड्यांनी १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू केलं. शिक्षण त्या लेखी पद्धतीने व्हावं, असा भातखंड्यांचा आग्रह होता. भातखंड्यांच्या पानावर काळ डावीकडून उजवीकडे वाचला जातो. खेळात तोच कागद उभा करून वाचणाऱ्याच्या अंगावर चालत येतो.

दोन आघात जवळ आले की

नेमक्या क्षणाच्या दोन्ही बाजूंना थोडी सूट असते. सूट मोठी ठेवली तर खेळ सोपा होतो, हे उघड आहे. पण ती हवी तेवढी वाढवता येत नाही, आणि कारण गणिताचं आहे.

समजा द्रुत लय आहे, मिनिटाला २४० मात्रा. एक मात्रा २५० मिलिसेकंदांची झाली. एका मात्रेत चार आघात आले, तिरकिटासारखे, तर दोन आघातांत उरतात जेमतेम ६२ मिलिसेकंद. आता मागेपुढे ५०-५० मिलिसेकंदांची सूट दिली, तर प्रत्येक आघाताची खिडकी १०० मिलिसेकंद रुंद होते आणि शेजारच्या खिडकीवर चढते. खेळाडूने कळ दाबली ती पहिल्या आघातासाठी उशिरा की दुसऱ्यासाठी लवकर, हे यंत्राला सांगता येत नाही. बरेच खेळ मग अजून न वाजलेला सर्वांत जुना आघात निवडतात. त्यामुळे एक आघात चुकला की मागून येणारे सगळे एकेक घर सरकतात आणि पाहता पाहता गाणं हातातून जातं. जलद तुकड्यांत लागोपाठ चुका होतात त्या एवढ्यासाठी.

चुकलं की काय ऐकू येतं

इथे वेगवेगळ्या खेळांनी वेगवेगळे मार्ग घेतले, आणि खेळाडूला आपण वाद्य वाजवतो आहोत असं वाटणं बरंचसं याच निवडीवर ठरतं.

१९९७ मध्ये आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर, ‘बीटमेनिया’ आला. पाच कळा आणि एक फिरवायची तबकडी. यात प्रत्येक कळीला गाण्याचा एक तुकडा बांधलेला असतो. कळ उशिरा दाबली तर तो तुकडा उशिरा वाजतो. आपली चूक आपल्याच कानावर येते.

नाम्को कंपनीच्या ‘तायको नो तात्सुजिन’ने २००१ मध्ये सोपी वाट धरली. समोर खराखुरा दिसणारा जपानी ढोल आणि दोन काठ्या. लाल ठिपक्याला ढोलाच्या मध्यावर मारायचं, निळ्याला काठावर. गाणं आपलं आपण चालत राहतं, खेळाडूच्या थापेचा आवाज त्यावर पडतो. दोनच बोल, दोनच जागा. ढोलाचा मधला ठोका आणि कडेचा ठोका ज्याने पथकात वाजवला आहे, त्याला हा खेळ समजावून सांगावा लागणार नाही.

तिसरी वाट अमेरिकेतली. एमआयटीत शिकलेल्या अलेक्स रिगोपुलॉस आणि एरन एगोझी यांनी १९९५ मध्ये हार्मोनिक्स ही कंपनी काढली होती. ज्यांना वाद्य येत नाही त्यांनाही वाजवण्याचा आनंद मिळावा, हा त्यांचा ध्यास होता. रेडऑक्टेन कंपनीबरोबर त्यांनी २००५ मध्ये ‘गिटार हीरो’ आणला. गिटारच्या मानेवर पाच रंगीत कळा आणि तारांच्या जागी एक वर-खाली होणारी पट्टी. डाव्या हाताने कळ धरायची, उजव्याने पट्टी छेडायची. मूळ कल्पना कोनामीच्या १९९९ मधल्या ‘गिटारफ्रीक्स’मध्ये होतीच. हार्मोनिक्सने आवाजाची बाजू कसून बांधली. गाण्यातली गिटार बाकीच्या वाद्यांपासून वेगळी ठेवलेली असते. खेळाडू बरोबर वाजवतो तोवर ती ऐकू येते आणि चुकला की गप्प होते. ड्रम चालू, गाणारा चालू, आणि मध्ये गिटारचं भगदाड. पुढचा आघात बरोबर लागला की गिटार परत येते, आणि ती आपणच परत आणली असं मेंदूला ठामपणे वाटतं. यासाठी वाद्यं वेगवेगळी ध्वनिमुद्रित झालेली असावी लागतात. ती मिळणं कठीण असल्यामुळे पहिल्या ‘गिटार हीरो’तली बहुतेक गाणी नव्याने वाजवून घेतली होती.

टीव्ही बदलला आणि ताल गेला

जुन्या फुगीर टीव्हीवर उत्तम खेळणारा मुलगा घरात नवा सपाट टीव्ही आला की एकदम चुकायला लागतो. हात तोच, गाणं तेच. अनेक घरांत दोष खेळण्याला दिला गेला, पण खरं कारण टीव्ही होता.

जुना टीव्ही आलेला संकेत तसाच पडद्यावर मारायचा. नवा टीव्ही चित्र आधी साठवतो, मोठं करतो, रंग उजळतो, हालचाल गुळगुळीत करतो, आणि मग दाखवतो. यात कित्येक दशक मिलिसेकंद सहज जातात. सिनेमा पाहताना ते कळत नाही. तालाच्या खेळात मात्र सगळी सूटच तेवढी असते.

आवाज वेगळ्या स्पीकरवर जोडला असेल तर आणखी एक गोष्ट होते. आवाज लगेच येतो आणि चित्र मागून. हा क्रम निसर्गात कधीच नसतो, कारण तिथे प्रकाशच पुढे असतो. आवाज मागे पडला तर मेंदू बराच उशीर पोटात घालतो. आवाज पुढे गेला तर लगेच खटकतं. दूरचित्रवाणीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत हा फरक आकड्यांनी नोंदला आहे. आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला जाणवतो, पण मागे पडला तर जाणवायला साधारण १२५ मिलिसेकंद लागतात. लाखो वर्षं माणूस दुरून येणारे आवाज उशिरा ऐकत आला आहे, हे लक्षात घेतलं की या असमतोलाचं नवल वाटत नाही.

उपाय म्हणून खेळांत जुळणीची सोय आली. खेळ एकसारखे ठोके देतो, माणूस त्यांबरोबर कळ दाबतो, आणि सरासरी फरक नोंदवला जातो. एकदा डोळे मिटून फक्त आवाजावर, एकदा आवाज बंद करून फक्त चित्रावर. दोन वेगळे आकडे मिळतात. मग खेळ चित्र तेवढं आधी काढतो, आणि आलेला आघात तेवढा मागे धरून तपासतो. २००८ च्या ‘रॉक बँड २’ या हार्मोनिक्सच्याच खेळाच्या गिटारमध्ये तर प्रकाश ओळखणारा संवेदक आणि बारीक मायक्रोफोन बसवलेला होता. गिटार पडद्यासमोर धरली की ती स्वतःच चमक पाहायची, टिक ऐकायची आणि फरक सांगायची.

चौकट : घरी करून पाहा

मोबाइलवर ठोके देणारं कोणतंही ॲप लावा, मिनिटाला ६०. दुसऱ्या मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करा आणि ठोक्यांबरोबर टेबलावर बोट आपटा. नंतर मुद्रणाची रेघ मोठी करून पाहा. बोटाचा उंचवटा ठोक्याच्या किंचित आधी दिसण्याची शक्यता जास्त आहे. आता ॲपचा आवाज ब्लूटूथ हेडफोनवर घ्या आणि ठोके देणाऱ्या मोबाइलच्या पडद्यावरची उघडझाप पाहा. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज शे-दोनशे मिलिसेकंद मागे पडू शकतो. उत्तम तालाचे खेळ वायर असलेला हेडफोन लावून खेळा, असं सांगतात ते यामुळे. ठोके १२० वर न्या. उशीर तेवढाच राहतो, पण मात्रेच्या मानाने दुप्पट होतो.

प्लॅस्टिकचा बहर

‘गिटार हीरो’ आणि २००७ चा ‘रॉक बँड’ यांनी काही वर्षं बाजार व्यापून टाकला. ‘गिटार हीरो ३’ची विक्री एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली. ९ सप्टेंबर २००९ रोजी बीटल्सच्या गाण्यांचा स्वतंत्र ‘रॉक बँड’ आला. त्याच वर्षी ‘गिटार हीरो’च्या नावाने इतके खेळ काढले गेले की लोकांच्या घरात नवी गिटार ठेवायला जागा उरली नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘गिटार हीरो’ ज्यांच्या हाती होता त्या ॲक्टिव्हिजन कंपनीने त्याचा विभागच बंद केला. मंदी होती, वाद्यं महाग होती, पण मुख्य चूक हावरेपणाची होती. तायकोचा ढोल मात्र जपानच्या आर्केडमध्ये अजून घुमतो आहे.

भारतात ही प्लॅस्टिकची वाद्यं फार थोड्या घरांत आली. तरी खेळ पोचलाच. फिनलंडच्या काही तरुणांनी २००६ मध्ये ‘फ्रेट्स ऑन फायर’ हा मोफत खेळ बनवला. संगणकाचा कीबोर्ड दोन्ही हातांत गिटारसारखा आडवा धरायचा, एका हाताने एफ-१ ते एफ-५ या कळा आणि दुसऱ्याने एंटर. ज्याच्याकडे संगणक आहे त्याच्याकडे गिटार आहे, असा सरळ हिशेब. त्यानंतर मोबाइलवर बोटाने पियानोच्या काळ्या पट्ट्या टिपायचे खेळ आले आणि उज्जैन, इंदूर, पुणे असा भेदच राहिला नाही.

तबल्याचा खेळ का अवघड

मग तबल्याचा असा खेळ का रुजला नाही? पहिली अडचण आघात ओळखण्याची. प्लॅस्टिकच्या गिटारची कळ हा साधा स्विच असतो, चालू नाहीतर बंद. खेळातल्या ढोलात पिझो चकती असते. दाब पडला की तिच्यात वीज निर्माण होते. हा गुण क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवला होता. एका थापेनंतर कातडं थरथरत राहतं, म्हणून एकाच थापेचे अनेक आघात मोजले जाऊ नयेत यासाठी यंत्र क्षणभर कान मिटून घेतं. तायकोच्या दोन बोलांना हे पुरतं. पण तिरकिट वाजवताना त्या क्षणभरातच दुसरं बोट पडलेलं असतं.

शिवाय तबल्याचे बोल जागेवर ठरतात. ‘ना’ कडेच्या चाटेवर, ‘तिं’ त्याच्या आतल्या लवेवर, ‘तिट’ मधल्या काळ्या शाईवर. ‘धा’ म्हणजे डग्ग्यावरचा ‘गे’ आणि तबल्यावरचा ‘ना’ एकाच वेळी. शाईमुळे तबल्याचे उपस्वर सुरेल नात्यात बसतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं. त्या सुरात मनगटाच्या दाबाने काढलेली डग्ग्याची मींड मिसळते, आणि मींड, म्हणजे सरकता सूर, ही स्विचच्या भाषेत सांगताच येत नाही. अजय कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रिन्स्टनमध्ये २००२ च्या सुमारास ‘ईतबला’ बनवला, तेव्हा त्यांनी दाब ओळखणारे संवेदक वापरले. बोट कुठे पडलं आणि किती जोराने, हे दोन्ही त्यातून कळतं.

दुसरी अडचण खोल आहे. खेळातलं गाणं ऐकत नाही. यादी आधीच ठरलेली असते, माणूस तिच्यामागे धावतो. घरोघरी रियाजाला वापरली जाणारी राडेलची तालमाला किंवा प्रसाद उपासनी यांचं ‘आयतबला प्रो’ हे ॲप यांचंही तसंच. ठेका निर्दोष मिळतो, पण गाणाऱ्याने श्वासभर थांबून सम उशिरा घ्यायची ठरवली, तर यंत्र त्याच्यासाठी थांबत नाही. साथीला बसलेला तबलजी थांबतो. तो गाणाऱ्याच्या मानेकडे, हाताकडे पाहून सम कुठे येणार याचा अंदाज बांधतो, आणि त्याच वेळी गाणारा त्याच्याबद्दल तोच अंदाज बांधत असतो. विलंबित ख्यालात एकेक मात्रा काही सेकंदांचीही असू शकते, तिथे हा अंदाज मनात किती वेळ धरून ठेवावा लागतो! तालाच्या खेळाने या दोन भाकितांपैकी एक यंत्रावर उतरवलं आहे आणि उत्तम उतरवलं आहे. दुसऱ्यासाठी, म्हणजे यंत्राने माणसाचा अंदाज बांधण्यासाठी, खेळाला ठिपक्यांची यादी गाणं चालू असताना बदलावी लागेल, म्हणजे खेळाडूचे शेवटचे काही आघात मोजून त्याची लय पुढे कुठे झुकते आहे हे ताडावं लागेल आणि पुढची सम तिथे सरकवावी लागेल. ईतबल्यासारख्या वाद्यातून मिळणारे जागेचे आणि दाबाचे आकडे या कामाला लागतील, आणि खालीची शांत मात्रासुद्धा तिथे मोजावी लागेल, कारण साथीदार आघाताइतकाच त्या रिकाम्या जागेवरून पुढची सम ओळखत असतो.